मिराजची काच कशाने चिकटवावी?



ग्वाल्हेरच्या मुलांना मिराज विमानाची ओळख करून द्यावी लागत नाही. महाराजपूरच्या हवाई तळावरून उडालेले विमान आधी ऐकू येते आणि मग दिसते. मिराज-२००० हे विमान १९८५ साली भारतीय हवाई दलात दाखल झाले. दलाने त्याला ‘वज्र’ असे नाव दिले आणि ग्वाल्हेर हे त्याचे घर झाले. त्यामुळे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान बनवण्याचा छंद आपल्याकडच्या मुलामुलींना लागला, तर पहिली निवड मिराजची असावी यात नवल नाही. हेलर, इटालेरी अशा युरोपीय कंपन्यांनी या विमानाचे १:७२ प्रमाणातले संच काढलेले आहेत.

असा संच जोडायला कधी आठवडा, तर कधी महिना लागतो. भाग कापायचे, कडा घासायच्या, पंख बसवायचे, रंग द्यायचा, तिरंग्याच्या रंगातली वर्तुळे चिकटवायची. हे सगळे नीट पार पडते, आणि अगदी शेवटी वैमानिकाच्या डोक्यावरची काच बसवताना घोटाळा होतो. काचेवर बोटाचा ठसा उमटतो, पांढरी साय येते किंवा कडेला वितळल्यासारखा डाग पडतो. महिन्याभराची मेहनत पाच मिनिटांत फिकी पडते, कारण विमान पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी त्या काचेकडेच जाते.

याचे कारण बहुतेक वेळा हाताची चूक नसून गोंदाची निवड हे असते. आपण गोंद घेताना एकच प्रश्न विचारतो : ‘सर्वांत घट्ट कोणता धरतो?’ पारदर्शक भागासाठी हा प्रश्न उपयोगाचा नाही. तिथे विचारायला हवे, ‘काचेला काहीही न करणारा गोंद कोणता?’ या लेखात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधू. त्यासाठी थोडे गणित, थोडे रसायनशास्त्र आणि थोडा प्रकाशाचा अभ्यास लागेल.

प्रमाणाचे गणित

१:७२ म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ मिलिमीटर आपल्या प्रतिकृतीवर १ मिलिमीटर होतात. मिराज-२००० ची लांबी १४.३६ मीटर आहे. तिला ७२ ने भागले की सुमारे २० सेंटिमीटर येतात. पंखांची रुंदी ९.१३ मीटर आहे, ती प्रतिकृतीत सुमारे १२.७ सेंटिमीटर होते.

आता हेच गणित उलट करून पाहा. काचेच्या कडेला गोंदाचा फक्त अर्धा मिलिमीटर रुंदीचा डाग पडला. प्रतिकृतीत तो नगण्य वाटतो. पण खऱ्या विमानावर तो ३६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे जवळजवळ दोन बोटांएवढा पट्टा झाला! म्हणूनच लहान प्रतिकृतीत गोंदाचा छोटासा डागही डोळ्यांना खुपतो.

ही काच कशाची?

आपण हिला काच म्हणतो, पण ती काच नाही. खऱ्या विमानाची कॅनॉपी साधारणपणे ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची असते. संचातली कॅनॉपी मात्र बहुधा पारदर्शक पॉलिस्टायरीनची असते. जुन्या सीडीची कडक, पारदर्शक डबी आठवा. ती याच प्लॅस्टिकची. पॉलिस्टायरीन स्वच्छ आणि चकचकीत असते, पण ठिसूळ असते. त्यावर चटकन ओरखडे पडतात आणि अनेक द्रावकांत ते विरघळते.

विमानाचे बाकीचे भागही पॉलिस्टायरीनचेच असतात, फक्त त्यात राखाडी रंग मिसळलेला असतो. मग फरक कुठे पडतो? राखाडी भागावर गोंद सांडला तर तो वाळल्यावर पॉलिश पेपरने घासता येतो आणि वर रंग दिला की दोष झाकला जातो. पारदर्शक भागाला ही सवलत नाही. तिथे जे झाले ते दिसणारच.

आता गोंदांचे प्रकार एकेक करून तपासू.

१. प्लॅस्टिक वितळवणारा गोंद

संच जोडण्यासाठी जो खास गोंद मिळतो, त्याला मॉडेल सिमेंट किंवा प्लॅस्टिक सिमेंट म्हणतात. त्यात ब्युटाइल ॲसिटेट, ॲसिटोन यांसारखी द्रावके असतात. खरे म्हणजे हा गोंद चिकटवत नाही. तो दोन्ही भागांचा पृष्ठभाग थोडा विरघळवतो. दोन्हीकडच्या पॉलिस्टायरीनच्या लांब साखळ्या एकमेकींत मिसळतात. मग द्रावक उडून जाते आणि जोड एकजीव होतो. लोहार दोन लोखंडी तुकडे तापवून एक करतो, तसेच हे काम. फक्त इथे उष्णतेच्या जागी द्रावक असते.

पंख आणि धड जोडायला यासारखा गोंद नाही. पण जे द्रावक राखाडी प्लॅस्टिक विरघळवते, ते पारदर्शक प्लॅस्टिकही विरघळवणारच. थेंब जिथे लागेल तिथली चकाकी जाते. पातळ सिमेंट तर केशाकर्षणाने फटीतून पुढे पळते आणि आपल्याला नको तिथे, म्हणजे काचेच्या आतल्या बाजूला जाऊन बसते. शिवाय साच्यात घडताना प्लॅस्टिकमध्ये काही ताण शिल्लक राहिलेले असतात. द्रावक लागल्यावर हे ताण मोकळे होतात आणि काचेत केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. ते पुसून जात नाही.

२. झटपट गोंद

फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद घरोघरी असतो. त्याचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. बाटलीत तो सुट्या रेणूंच्या रूपात, पातळ द्रव असतो. हवेतल्या किंवा पृष्ठभागावरच्या बाष्पाचा किंचित स्पर्श होताच हे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि काही सेकंदांत घट्ट प्लॅस्टिक तयार होते.

या गोंदाचा इतिहास आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. तेव्हा हे द्रव्य त्यांच्या हाती आले. पण ते ज्याला त्याला चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. १९५१ साली कूव्हर यांच्या देखरेखीखाली जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी उष्णता सहन करणारे प्लॅस्टिक शोधण्याचे काम चालू होते. फ्रेड जॉइनर या सहकाऱ्याने सायनोॲक्रिलेटचा पातळ थर अपवर्तनांक मोजण्याच्या उपकरणातल्या दोन लोलकांमध्ये ठेवला, आणि ते महागडे लोलक एकमेकांना कायमचे चिकटले! त्या वेळी कूव्हर यांच्या ध्यानात आले की हा दोष नसून गुण आहे. १९५८ साली ‘ईस्टमन ९१०’ या नावाने हा गोंद बाजारात आला.

म्हणजे पाहा, जो गोंद खऱ्या विमानाच्या कॅनॉपीच्या संशोधनातून पुढे आला, तोच प्रतिकृतीच्या कॅनॉपीला सर्वांत जास्त त्रास देतो. असे का?

सायनोॲक्रिलेट वाळत असताना त्याची थोडी वाफ होते. ही वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसते, तिथल्या ओलाव्याशी तिची क्रिया होते आणि पांढऱ्या भुकटीसारखा थर तयार होतो. कॅनॉपी बसवल्यावर आतली जागा बंद होते. वाफेला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती काचेच्या आतल्या बाजूवरच जमते. पावसाळ्यात हवेत बाष्प जास्त, त्यामुळे हा दोषही जास्त. बोटांचे ठसे असतील तर थर नेमका त्या ठशांवर बसतो आणि ठसा पांढरा होऊन उठून दिसतो. गुन्ह्याच्या तपासात न दिसणारे ठसे शोधण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत हीच युक्ती वापरतात : वस्तू बंद पेटीत ठेवून तिला सायनोॲक्रिलेटची वाफ देतात. तपासात जी गोष्ट उपयोगी, ती आपल्या काचेवर नकोशी!

३. पांढरा गोंद

शाळेत कागदकामासाठी आपण जो पांढरा गोंद वापरतो, तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या पदार्थाचा असतो. या पदार्थाचा शोध फ्रिट्झ क्लाटे यांनी १९१२ साली जर्मनीत लावला. आपल्याकडे पिडिलाइट कंपनीचा फेव्हिकॉल १९५९ पासून मिळतो. त्यातला ‘एमआर’ हा प्रकार वह्या-दप्तरांबरोबर घराघरांत पोचला आहे.

हा गोंद दुधासारखा पांढरा, मग तो पारदर्शक कसा वाळतो? उत्तर दुधातच आहे. दुधात स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणून दूध पांढरे दिसते. पांढऱ्या गोंदातही तसेच प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून जाऊ लागले की कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि शेवटी मिसळून एकसंध पापुद्रा तयार होतो. कणांच्या सीमा नाहीशा झाल्या की प्रकाश विखुरण्याचे कारण उरत नाही आणि गोंद पारदर्शक होतो.

काचेच्या दृष्टीने यात तीन मोठे गुण आहेत. यातले पाणी पॉलिस्टायरीनला विरघळवत नाही, त्यामुळे डाग पडत नाही. काचेवर पांढरा थर बसवणारी वाफ यातून निघत नाही. आणि चूक झाली तर ओल्या कापसाने पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

याचा दोष एकच : तो प्लॅस्टिकला फार घट्ट धरत नाही. लाकूड किंवा कागदात गोंद तंतूंमध्ये शिरतो, गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याला शिरायला जागा नसते. पण विचार करा, प्रतिकृतीच्या काचेवर भार कसला येतो? विमान उडणार नाही. काच आपल्या खाचेत बसून राहिली म्हणजे झाले. तेवढे बळ या गोंदात आहे.

आपल्या गावच्या हवामानाची मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्वाल्हेरच्या जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. फार थंडीत गोंदातले कण कडक राहतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. मग पापुद्रा पारदर्शक न होता खडूसारखा पांढरट राहतो. म्हणून हिवाळ्यात हे काम दुपारी, उबदार खोलीत करावे. पावसाळ्यात गोंद वाळायला वेळ लागतो, आणि वाळलेल्या गोंदावर पाणी राहिले तर तो पुन्हा पांढुरका होतो. त्यामुळे तयार विमान ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवू नये.

४. कॅनॉपी ग्लू

छंदाच्या दुकानांत ‘फॉर्म्युला ५६० कॅनॉपी ग्लू’, ‘मायक्रो क्रिस्टल क्लिअर’ अशा नावांचे खास गोंद मिळतात. हेही पाण्यात मिसळणारे, पांढरे दिसणारे आणि पारदर्शक वाळणारे गोंद आहेत. शाळेच्या गोंदापेक्षा ते प्लॅस्टिकला थोडे अधिक चांगले धरतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत आणि बाहेरून मागवायचे तर महाग पडतात. कॅनॉपी उघडी दाखवायची असेल, म्हणजे काच फक्त मागच्या बारीक कडेवर तोलून धरायची असेल, तर त्यांचा खरा उपयोग होतो. बंद कॅनॉपीला शाळेतला पांढरा गोंद पुरतो.

५. दोन नळ्यांचा गोंद आणि प्रकाशाने वाळणारा गोंद

ॲराल्डाइटसारख्या इपॉक्सी गोंदात दोन घटक असतात. ते समप्रमाणात मिसळले की घट्ट होतात. इपॉक्सी काचेवर पांढरी साय आणत नाही आणि जोड पक्का होतो. पण तो दाट असल्याने बारीक कडेवर लावणे अवघड जाते, आणि काही महिन्यांत-वर्षांत, विशेषतः उन्हात, पिवळा पडतो. न वाळलेला इपॉक्सी त्वचेला लागू देऊ नये. काहींना त्याची ॲलर्जी होते.

अलीकडे जंबुपार किरणांनी घट्ट होणारा पारदर्शक गोंदही मिळतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा त्यावर धरला की तो काही सेकंदांत घट्ट होतो. आपला भाग पारदर्शक असल्याने प्रकाश त्यातून आरपार गोंदापर्यंत पोचतो, ही सोय चांगली आहे. मात्र तो दिवा डोळ्यांवर पडू देणे धोक्याचे आहे. म्हणून लहान वर्गांतल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये.

प्रकाशाचा थोडा अभ्यास (वरच्या वर्गांसाठी)

काच आणि धड यांच्यामध्ये हवेची फट राहिली तर ती कडेला चमकते. का? प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना दोन्हींच्या अपवर्तनांकांतला फरक जितका जास्त, तितका जास्त प्रकाश परत फिरतो. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक सुमारे १.५९ आणि हवेचा १.०० आहे. सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी परावर्तित भाग काढायचे सूत्र सोपे आहे : दोन अपवर्तनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा.

हवेसाठी : ०.५९ ÷ २.५९ = ०.२२८, त्याचा वर्ग ०.०५२. म्हणजे शंभरातले पाच भाग परत फिरतात.

वाळलेल्या पांढऱ्या गोंदाचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे. त्यासाठी : ०.१२ ÷ ३.०६ = ०.०३९, त्याचा वर्ग ०.००१५. म्हणजे हजारातले दीड भाग.

दोन्हींत तीसपटीहून अधिक फरक आहे. म्हणून फट गोंदाने पूर्ण भरली की चमक जाते, आणि गोंदात हवेचा बुडबुडा राहिला की तेवढाच ठिपका चमकतो. गोंद ‘पारदर्शक वाळतो’ एवढे पुरेसे नाही. तो फट न सोडता भरलाही पाहिजे.

कृती

साहित्य : पांढरा गोंद, दात कोरायच्या काड्या, कान साफ करायचे कापसाचे बोळे, चिमटा, कागदी चिकटपट्टी, वाटीभर पाणी.

१. काच साच्याच्या काडीवरून बोटांनी मोडू नका. धारदार कटरने, मोठ्यांच्या मदतीने कापा.

२. भांडी धुण्याच्या सौम्य साबणाच्या पाण्यात काच धुऊन घ्या आणि आपोआप वाळू द्या. साच्यातून भाग सुटा व्हावा म्हणून लावलेला तेलकट थर कधी कधी राहिलेला असतो. तो असला की गोंद धरत नाही.

३. यापुढे काच फक्त कडेला धरा, शक्य तर चिमट्याने.

४. गोंद न लावता काच बसवून पाहा. फट राहात असेल तर धडाची कड हळूहळू घासा. काचेची कड घासू नका.

५. काचेच्या चौकटीला रंग द्यायचा असेल तो आधीच द्या आणि पूर्ण वाळू द्या.

६. कॉकपिटमध्ये धूळ, कापसाचा तंतू राहिला नाही ना, ते पाहून घ्या. काच बसल्यावर तो काढता येत नाही.

७. काडीच्या टोकावर गोंद घेऊन धडाच्या कडेवर सलग, बारीक रेघ ओढा. गोंद काचेला नव्हे, धडाला लावा. त्यामुळे जास्तीचा गोंद काचेवर चढत नाही.

८. काच वरून सरळ ठेवा. सरकवू नका. कडेतून बाहेर आलेला गोंद किंचित ओल्या बोळ्याने लगेच पुसा.

९. कागदी चिकटपट्टीच्या एक-दोन बारीक पट्ट्यांनी काच जागेवर धरा आणि विमान रात्रभर हलवू नका. चोवीस तास थांबलेले सर्वांत चांगले.

मिराजच्या संचात पुढची स्थिर काच आणि मागची उघडणारी कॅनॉपी असे दोन भाग असतील, तर आधी पुढची बसवा आणि ती वाळल्यावर दुसरी. दोन्ही एकदम बसवायला गेले की एक सांभाळताना दुसरी सरकते.

याच गोंदाने प्रवासी विमानाच्या लहान खिडक्याही करता येतात. तीन-चार मिलिमीटरच्या भोकाच्या कडेने गोंद फिरवायचा आणि काडी हळूच आडवी ओढायची. साबणाच्या फुग्यासारखा पापुद्रा तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो ताणलेला राहतो. वाळल्यावर तीच खिडकीची काच! भोक मोठे असेल तर पापुद्रा फाटतो.

स्वतः करून पाहा

छापलेल्या शब्दांवर विश्वास ठेवण्यापेक्षा पडताळून पाहणे हे विज्ञान. हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा पालकांच्या समोर, खिडक्या उघड्या ठेवून करावा.

जुन्या सीडीच्या पारदर्शक डब्या घ्या. मोठ्यांनी त्यांचे काडेपेटीएवढे चार तुकडे करून द्यावेत, कारण कडा धारदार असतात. पहिल्या तुकड्यावर पांढरा गोंद, दुसऱ्यावर झटपट गोंद आणि तिसऱ्यावर प्लॅस्टिक सिमेंट यांचा तांदळाच्या दाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवा. चौथा तुकडा तसाच राहू द्या, तो तुलनेसाठी. प्रत्येक तुकड्यावर कोपऱ्यात बोटाचा एक ठसा उमटवा. आता चारही तुकड्यांवर वेगवेगळ्या वाट्या पालथ्या घाला. ही आपली बंद कॉकपिट.

चोवीस तासांनी वाट्या उचला. तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून त्यांतून अक्षरे वाचा. वहीत चार रकाने करा : थेंबाचा रंग, थेंबाभोवतीचा भाग, बोटाचा ठसा आणि अक्षरे वाचता येतात की नाही. हाच प्रयोग वाटी न ठेवता पुन्हा करा. दोन नोंदींची तुलना केलीत की बंद जागा किती फरक पाडते ते कळेल. गोंद, थेंबाचा आकार, वेळ, खोली यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम विसरू नका.

काच बिघडलीच तर

पांढरा गोंद काचेवर वाळला असेल तर त्यावर ओला बोळा काही मिनिटे ठेवा. गोंद मऊ झाला की काडीने सोलून निघतो. बाहेरच्या बाजूला झटपट गोंदाची साय आली असेल तर पांढऱ्या टूथपेस्टचा अगदी थोडा थर मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने, गोल गोल घासा. प्लॅस्टिक सिमेंटचा डाग खोल असतो. तो आधी १२०० आणि मग २००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने, पाण्यात बुडवून घासावा आणि शेवटी टूथपेस्टने चकाकी आणावी. बारीक भेगांचे जाळे पडले असेल तर मात्र उपाय नाही. आतल्या बाजूची साय काढायची तर काच उचकटावी लागते. आणि झटपट गोंदाने चिकटवलेली काच उचकटताना बहुधा मोडते. पांढऱ्या गोंदाची खरी किंमत इथे कळते. तो परत फिरण्याची वाट खुली ठेवतो.

पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

मुलांच्या हाती कोणता गोंद द्यावा, हा प्रश्न प्रतिकृतीच्या दिसण्यापुरता नाही. झटपट गोंदाने बोटे क्षणात चिकटतात. ती ओढून सोडवू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून हळूहळू सोडवावीत. गोंद डोळ्यात गेला किंवा पापण्या चिकटल्या तर त्या ओढून न उघडता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. सुती कपड्यावर किंवा कापसावर हा गोंद सांडला तर तो फार वेगाने घट्ट होतो आणि भाजण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्लॅस्टिक सिमेंटमधली द्रावके ज्वालाग्राही असतात आणि बंद खोलीत त्यांच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते. मुद्दाम ती हुंगण्याची सवय तर जिवावर बेतू शकते.

म्हणून शाळेच्या छंद-कपाटाबाबत एक सूचना. पांढरा गोंद, काड्या, बोळे, चिमटे आणि चिकटपट्टी मुलांना मोकळेपणाने मिळावी. पंख व धड जोडण्यासाठी लागणारे प्लॅस्टिक सिमेंट आणि झटपट गोंद शिक्षकांच्या ताब्यात, कुलपात असावेत आणि ते शिक्षक समोर असतानाच, हवेशीर खोलीत वापरले जावेत. इपॉक्सी व जंबुपार किरणांचा गोंद शाळेत ठेवण्याची गरज नाही. या व्यवस्थेला फारसा खर्च नाही. महागडी वस्तू आणली म्हणजे काम चांगले होते, असे समजण्याचे कारणही नाही. या लेखातला सर्वांत उपयोगी गोंद सर्वांत स्वस्तही आहे.

पालकांना आणखी एक विनंती. मूल विमान घेऊन बसले की ‘किती वेळ लावतोस, चिकटव पटकन’ असे म्हणू नये. पांढरा गोंद चोवीस तास मागतो. झटपट गोंद दहा सेकंदांत काम उरकतो आणि काच घालवतो. थांबण्यात वेळ वाया जात नाही, तो कामाचाच भाग आहे, हे मुलांना हातांनी शिकता येते. अशी संधी सोडू नये.

स्वाध्याय

१. स्पिटफायर (मार्क १) विमानाच्या पंखांची रुंदी ११.२३ मीटर होती. १:७२ प्रमाणात ती किती मिलिमीटर होईल? १:४८ प्रमाणात किती?

२. दूध आणि ओला पांढरा गोंद दोन्ही पांढरे का दिसतात? वाळल्यावर गोंद पारदर्शक का होतो?

३. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरून पॉलिस्टायरीन आणि पाणी यांच्या सीमेवर किती प्रकाश परत फिरेल ते काढा.

४. झटपट गोंदाचा कोणता ‘दोष’ पोलीस तपासात गुण ठरतो?

५. शीतपेयाची पारदर्शक बाटली पॉलिस्टायरीनची नसते. तिच्या तुकड्यावर प्लॅस्टिक सिमेंटचा थेंब ठेवला तर काय होईल? आधी अंदाज लिहा, मग शिक्षकांसमोर करून पाहा.

(उत्तरे : १. सुमारे १५६ मि.मी. आणि २३४ मि.मी. ३. सुमारे ०.००८, म्हणजे हजारातले आठ भाग. बाकीची उत्तरे लेखात आणि तुमच्या प्रयोगात सापडतील.)